सुभाना वाइंगडे यांचे पडणे

उदयसिंह वाइंगडे यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत कोणीही व्यासपीठावर बोलावले नव्हते. एरवी ही गोष्ट नोंदवण्यासारखी नाही. पण कोल्हापुरात ती नोंदवावी लागते, कारण या शहरात माणसांच्या मानाने व्यासपीठे अंमळ जास्तच आहेत. मंडळाचा वर्धापनदिन, रक्तदान शिबिर, नव्या नगरसेवकाचा सत्कार, जुन्या नगरसेवकाचा नव्या पक्षातर्फे सत्कार अशा निमित्तांनी पेठेतल्या बहुतेक प्रत्येक डोक्यावर कधी ना कधी फेटा चढतो. उदयसिंहांच्या डोक्यावर तो चढला नव्हता. एका लग्नात फेटे बांधणारा त्यांच्या खुर्चीपर्यंत आला आणि कापड संपले. दुसरा गठ्ठा आणला गेला तेव्हा ते पाणी प्यायला उठले होते. परत आले तर त्यांच्या खुर्चीवर फेटा बांधलेला दुसराच माणूस बसला होता.

दूध संघाच्या आवक विभागात ते कारकून होते. गावोगावहून आलेल्या दुधाच्या चिठ्ठ्या संगणकात भरणे हे त्यांचे काम. ते काम ते नीट करत. पत्नी संयोगिता आणि विधवा झाल्यावर माहेरी परतलेली म्हातारी आत्या बायडाबाई यांच्यासह ते पेठेतल्या तीन खोल्यांच्या घरात राहत. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पुढे जे घडले ते वाईट माणसांनी घडवले असते तर त्याविषयी लिहिण्याचे कारणच उरले नसते.

मग तो चित्रपट आला. त्याचे नाव देण्याची गरज नाही. त्या वर्षी आलेल्या ऐतिहासिक चित्रपटांच्या नावांत रण, रक्त आणि वाघ यांपैकी एक शब्द हटकून होता, आणि कोणते नाव कोणत्या चित्रपटाचे हे जाहिरात पाहिल्यावाचून निर्मात्यांनाही सांगता आले नसते. अशा चित्रपटांचे एक स्वतंत्र व्याकरण असते. आपली माणसे सकाळच्या कोवळ्या उन्हात वावरतात, गनीम मात्र भर दुपारीही मशालीच्या उजेडात बसतो. गनिमाच्या डोळ्यांत सुरमा असतो, हातात मांसाची तंगडी असते आणि तो विनाकारण हसतो. आपली माणसे हसत नाहीत आणि काही खातही नाहीत. ज्या शहराची कीर्ती मटणाच्या दोन रश्श्यांवर उभी आहे, तिथला प्रेक्षक या मांसाहारी गनिमाचा मनापासून तिरस्कार करून चित्रपटगृहातून बाहेर पडे आणि थेट ताटावर जाऊन बसे.

या चित्रपटात मध्यंतरापूर्वी कोणीतरी मरणे आवश्यक होते. नायक मरू शकत नव्हता, त्याला उत्तरार्धात काम होते. म्हणून लेखकाने सुभानजी वाइंगडे नावाचा एक शिलेदार निर्माण केला. तो पन्हाळ्याच्या पायथ्याशी एकटा वाट अडवून उभा राहतो, पुष्कळांना लोळवतो, आणि शेवटी सुरमा घातलेला एक सरदार मागून येऊन त्याच्या पाठीत तलवार खुपसतो. सुभानजी पडतो. तो इतक्या सावकाश पडतो की तेवढ्या वेळात एका माणसाला उठून मक्याच्या लाह्या आणता येतात. पण कोणी उठत नसे. चित्रपटाच्या आरंभी 'काही पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत' अशी पाटी झळकते. त्या वेळी लोक अंधारात आपापली खुर्ची शोधत असतात.

उदयसिंह खुर्चीवर बसलेले होते, तरी पाटी त्यांनी वाचली नाही. सुभानजीने छातीवर हात मारून, "वाइंगड्याची औलाद हाय मी!" असे म्हटले तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. अंगावर काटा येणे हा आपल्याकडे आता पुराव्याचा प्रकार मानला जातो. शिलालेख वाचावा लागतो, कागद ताडून पाहावा लागतो. काट्याला असले काही करावे लागत नाही. ज्याच्या अंगावर तो येतो त्याच्यापुरता खटला निकाली निघतो. उदयसिंहांचाही निघाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली.

"वाइंगडे, काल पिक्चर बघिटला. ते सुभानजी म्हंजे तुमच्यातलंच काय वो?"

उदयसिंहांनी हो म्हटले नाही. त्यांनी मान खाली घातली, चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा केला आणि म्हणाले, "आता काय सांगायचं."

खोटे बोलण्याच्या ज्या अनेक रीती आपल्या समाजाने विकसित केल्या आहेत, त्यांत संकोच ही सर्वांत प्रतिष्ठित रीत होय. 'होय' म्हणणाऱ्याला लोक पुढचा प्रश्न विचारतात. 'आता काय सांगायचं' म्हणणाऱ्याला चहा पाजतात. दुपारपर्यंत विभागात आणि संध्याकाळपर्यंत पेठेत ही बातमी पक्की झाली.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांच्या पणजोबांचे नाव खरोखरच सुभाना होते, आणि 'सुभाना पन्हाळ्याच्या पायथ्याला पडला' हे वाक्य त्यांनी लहानपणापासून घरात ऐकले होते. कसा पडला हे त्यांनी कधी विचारले नव्हते. घरातल्या गोष्टी माणूस ऐकत नाही; त्या त्याच्या कानांवरून जातात. चित्रपट पाहिल्यावर ते वाक्य इतक्या वर्षांनी आपल्या जागी बसल्यासारखे त्यांना वाटले.

आठवडा उलटला नाही तोच सम्राट दारात उभा राहिला. सम्राट पेठेतल्या तालमीचा अध्यक्ष. तालीम हे नाव जुन्या सवयीने चालत आलेले. कुस्तीचा हौदा बुजवून त्यावर फरशी घातल्याला बराच काळ लोटला होता आणि त्या फरशीवर आता ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि ढोल ठेवलेले असत. सम्राटने स्वतः कधी लंगोट कसला नव्हता. दाढी मात्र त्याने चित्रपटातल्यासारखी कोरून घेतली होती.

"काका, विषय हार्ड हाय," तो बसता बसता म्हणाला. "एवढं मोठं घराणं तुमचं, आणि तुमी दुधाच्या चिठ्ठ्या भरताय व्हय?"

"आम्ही कसले मोठे, सम्राट."

"ह्येच! ह्येच की! खरं खानदान कधी बोलत न्हाय. खोटी बघा, गाडीच्या काचेवर लिहून हिंडत्यात." सम्राटच्या गाडीच्या काचेवर काय लिहिले होते ते सर्व पेठेला ठाऊक होते. "मंडळानं ठरवलंय. पायथ्याला फलक लावायचा. 'नरवीर सुभानजी वाइंगडे येथे पडले.' जागा बी बघून आलोय."

"जागा कशी कळली?"

"चहाच्या टपरीच्या अलीकडं वळणावर मोकळी जागा हाय. गाड्या लागत्यात पंधरा-वीस. आणि मागं गड दिसतोय फोटोत."

उदयसिंहांना क्षणभर आपल्या कारकुनी पेशाची आठवण झाली. "काही कागद वगैरे लागेल का?"

"कागद काय, कुणीबी करतंय. घरात जुनं माणूस हाय का?"

"आत्या आहे."

"झालं तर मग! आजीचं तोंड पायजे. सुरकुत्या असल्या की पब्लिक मानतंय."

रविवारी सम्राट दोन पोरांसह कॅमेरा घेऊन आला. बायडाबाई अंगणात ऊन खात बसली होती. पोरांनी तिच्यामागची प्लास्टिकची खुर्ची उचलली, वॉशिंग मशीनवर घोंगडी टाकली आणि बरोबर आणलेला तांब्याचा हंडा तिच्या शेजारी ठेवला.

"त्यो हंडा कुणाचा?" बायडाबाई म्हणाली. "आमचा न्हाय."

"असू दे आजी, जुनं वाटतंय."

"मी हाय की जुनी. हंडा कशाला?"

पोरे हसली. सम्राटने आवाज जड केला. "आजी, नरवीर सुभानजीराव तुमचे कोण?"

"सुभानजीराव कोण आणि? सुभाना. माझा आज्जा."

"पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांचं काय झालं?"

"पडला की."

एका पोराने डोळे पुसले. उदयसिंह दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांच्या अंगावर पुन्हा काटा आला.

"कसे पडले, आजी?"

"कसं म्हंजे? पडला. गडी तयारीचा व्हता, पर पडला. मौला नदाफानं पाडला. आज्जा पुढं झुकला, आणि त्येनं घेतला आत."

"पाठीवर वार झाला?"

"वार?" बायडाबाईने आठवून पाहिले. "सोमवार असंल. जत्रा सोमवारची असती तितली."

"न्हाय, पाठीला काय झालं, पाठीला?"

"लागली की पाठ! बघणारी काय काय म्हणायची, लागली न्हाय, पंचानं घाई केली. पर आज्जा सवता सांगायचा, लागली म्हणून. खोटं नको."

कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागते तो हरतो, हे वाक्य या शहरात कोणाला समजावून सांगावे लागेल असे एक पिढीपूर्वी कोणी मानले नसते. पण तालमीचे तीन प्रतिनिधी तिथे बसले होते आणि तिघांनीही 'पाठ लागली' याचा अर्थ जखम असा घेतला. गड्याने पडणे म्हणजे मरणे, पाडणे म्हणजे मारणे, आणि पाठ म्हणजे जिच्यात दगाबाज तलवार खुपसतो ती जागा. त्यांच्यापाशी दुसरा शब्दकोश नव्हता. हौद्यावर फरशी घालताना तो खाली राहिला असावा.

चार दिवसांनी ध्वनिचित्रफीत सर्वांच्या फोनवर आली. भगव्या उजेडात बायडाबाईचा चेहरा, मागे चित्रपटातले संगीत, आणि तीन शब्द: "माझा आज्जा... पडला." मग वीज कडाडली. संयोगिताने फोन आत्याच्या हातात दिला. म्हातारीने तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"माझं बाकीचं कुठं गेलं?"

"ते कापतात आत्या. लोकांना वेळ नसतो."

"आणि ह्ये इज पडल्यावर मेल्यागत का केलंय? आज्जा मेला म्हणून कोण म्हणालं? माझ्या लग्नात पंगतीत जेवलाय त्यो. बुंदी मागून घेतली दोनदा!"

मग तिने सगळे सांगितले. जत्रेच्या मैदानातली ती कुस्ती पुष्कळ वेळ चालली होती. निकाल झाल्यावर मौलानेच सुभानाला खांद्यावर घेऊन मैदान फिरवले. पुढे दोघे याच पेठेतल्या तालमीत एका हौद्यात उतरत. सुभानाने मौलाच्या मुलाला डाव शिकवले. आणि म्हातारपणी ओट्यावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, 'मला पाडणारा एकच, मौला.' हे सांगताना तो छाती पुढे काढायचा. आपल्याला कोण पाडू शकले यावर त्याने आपली किंमत ठरवली होती, आणि ती किंमत त्याला कमी वाटत नव्हती.

उदयसिंहांनी हे सगळे ऐकले. संयोगिताने तेवढ्यात हिशेब केला. "अहो, त्या पिक्चरमधली लढाई आणि आत्याचं लग्न यांत तीनशे वर्षं जातात की."

"तू त्यात पडू नकोस," उदयसिंह म्हणाले.

या क्षणापासून त्यांना सत्य माहीत होते. याआधी ते चुकले असे म्हणता येते. यानंतर त्यांनी जे केले त्याला दुसरे शब्द आहेत. पण त्याच संध्याकाळी छापील निमंत्रणपत्रिका घरी आली होती. तिच्यावर 'नरवीरांचे थेट वंशज श्रीमंत उदयसिंहराव वाइंगडे सरदार' असे होते. 'श्रीमंत' या शब्दावर त्यांनी बोट फिरवून पाहिले. शाई उंचवट्याची होती, बोटाला लागत होती.

कचेरीत आता त्यांना उठून खुर्ची दिली जाई. साहेबांनी एकदा स्वतः चहा मागवला. दोन शाळांनी त्यांना इतिहासावर बोलायला बोलावले. त्यांनी चित्रपटाची गोष्ट सांगितली, आणि मुलांनी मध्ये मध्ये त्यांचे तपशील दुरुस्त केले, कारण मुलांनी चित्रपट अधिक वेळा पाहिला होता. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. इतिहासाच्या तासाला वर्ग एवढा शांत कधी नसतो, असे एक बाई कौतुकाने म्हणाल्या.

घरापासून चार दारे सोडून दस्तगीर नदाफाचे गाद्या भरण्याचे दुकान होते. दस्तगीर हा मौलाचा नातू, उदयसिंहांच्या वयाचा, शाळेत त्यांच्या बाकावर बसलेला. एके दिवशी तो कापसाचे तंतू अंगाखांद्यावर घेऊनच दारात आला.

"उदयदा, आमच्या आज्ज्याला मरून साठ वर्षं झाली. आता तुमी त्येला लढाईवर पाठवलाय. पगार तरी चालू करा की."

उदयसिंह हसले. दस्तगीरही हसला, पण लवकर थांबला.

"परवा तालमीतली पोरं आलती दुकानात. म्हणाली, तुमच्यात मौला कोण? म्हटलं, आमचा आज्जा. तर फोटो काढून गेली."

"फोटो काढला तर काय होतंय?"

"काय होत न्हाय. माझा काढला असता तर चांगलंच झालं असतं, लग्नानंतर कुणी काढलाच न्हाय. पाटीचा काढला, उदयदा. नावाचा." त्याने बोटाला चिकटलेला कापूस चोळून काढला. "त्या फलकावर आज्ज्याचं नाव घालणार म्हंत्यात. ते नको. आणि जमलं तर माईकवर एवढं सांगा, कुस्ती व्हती म्हणून. तुमच्याच घरचा माणूस पडलाय, तुमी सांगितलं की विषय संपला. मी सांगून कोण ऐकतंय?"

"सांगतो की. त्यात काय एवढं."

"बघा हां."

"सांगतो म्हटलं न्हवं का?"

उदयसिंहांनी शब्द पाळण्याची तयारी केली, हे खरे आहे. ते त्याच संध्याकाळी सम्राटकडे गेले आणि फलकावर नदाफ हे नाव नको असे त्यांनी सांगितले.

"नाव असलं की इतिहास पक्का बसतोय, काका. पब्लिकला कोण ते कळाय नको?"

"नुसतं 'गनिमाने' लिहा."

"तुमच्या शब्दाबाहेर न्हाय. घराणं तुमचं." सम्राटने मजकूर बदलला: 'गनिमाने दगा करून पाठीवर वार केल्याने नरवीर सुभानजी वाइंगडे येथे पडले.' एका निरपराध माणसाचे नाव एका खोट्या गुन्ह्यातून काढून टाकल्याचे समाधान घेऊन उदयसिंह घरी आले. गुन्हाही काढता आला असता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. किंवा आले असेल. समाधानात अशा गोष्टी बुडून जातात.

अनावरणाच्या दिवशी पायथ्याच्या वळणावर मांडव पडला. चाळीसएक मोटारी आल्या, म्हणजे जागेची निवड योग्य होती. चित्रपटात सुभानजीचे काम केलेला नट येणार होता. तो आला नाही, त्याचा पुठ्ठ्याचा पूर्णाकृती पुतळा आला. लोकांनी त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. उदयसिंहांना फेटा बांधण्यात आला. बांधणाऱ्याने शेमला खांद्यावर सोडला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

बायडाबाईला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवले होते. ती हट्टाने आली होती; भाचा माईकवर कुस्तीचे सांगणार आहे असे दस्तगीरकडून तिच्या कानावर आले होते. दस्तगीर मांडवाच्या कडेला, चपला काढतात तिथे उभा होता.

उदयसिंह उठले. वाक्य त्यांनी पाठ केले होते: 'माझे पणजोबा सुभाना इथे कुस्तीत पडले, आणि त्यांना पाडणारा मौला हा पुढे त्यांचा जन्माचा मित्र झाला.' साधे, सरळ वाक्य. पण मराठी वाक्य बोलताना एकेक शब्द पुढे टाकावा लागतो, आणि मध्ये श्वास घ्यावा लागतो.

"माझे पणजोबा सुभाना," ते म्हणाले, "इथे..."

त्यांनी श्वास घेतला. मांडवात कोणीतरी हुंदका दिला.

"...इथे पडले."

'कुस्तीत' हा शब्द या दोहोंच्या मध्ये यायचा होता, तो राहून गेला. ध्वनिवर्धकावरच्या पोराने संगीत सोडले. ढोल घुमले. पुढच्या शंभर माणसांनी हात वर केले, मागच्यांनी घोषणा दिल्या. संगीत थांबेपर्यंत उभे राहणे त्यांना शक्य होते. घोषणा थांबतात, सगळ्याच थांबतात. पण लोक त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होते तशा नजरेने त्यांच्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते, आणि वाक्याचा उरलेला भाग उच्चारल्यावर ती नजर टिकणार नव्हती. ते खाली बसले.

तेव्हा बायडाबाई उठली. तिला आशीर्वाद द्यायचा असेल असे समजून दोघांनी तिला हाताला धरून वर चढवले. तिने माईक मुठीत धरला.

"ह्येनं अर्धंच सांगितलं," ती म्हणाली. "माझा आज्जा हितं कुस्तीत पडला. जत्रंत. लढाई न्हाय न् काय न्हाय. मौला नदाफानं पाडला. मौला म्हंजे वाघ व्हता गडी. मौला नदाफ! दोघं एका ताटात जेवायची. नाव लिवायचं तर दोघांचं लिवा, एकट्याचं काय लिवताय?"

लोकांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता, गोंधळ होता. जेवणाच्या मध्येच कोणी ताट ओढून घ्यावे तसा. सम्राट झटकन पुढे आला. त्याने आधी वाकून म्हातारीच्या पाया पडून घेतले, मग माईक घेतला.

"आजी आमाला देवासारख्या. नव्वदीला आल्यात, तरी नाव सांगितलं बघा त्यांनी! मारणाऱ्याचं नाव सांगितलं! बाकीचं वयामुळं जरा हिकडं-तिकडं हुतंय." त्याने माईक उदयसिंहांपुढे धरला. "व्हय ना वो, सरदार?"

सर्व मांडव त्यांच्याकडे पाहत होता. बायडाबाई पाहत होती. चपलांच्या ढिगाशेजारून दस्तगीर पाहत होता, आणि त्याच्या ओठांची हालचाल झाल्यासारखी दिसली.

"वय झालंय आत्याचं," उदयसिंह म्हणाले.

एवढेच ते म्हणाले. ते असत्यही नव्हते.

बायडाबाईने त्यांच्याकडे पुरते वळून पाहिले. माईक आता तिच्या हातात नव्हता, पण तिचा आवाज जन्मभर शेतावरून हाका मारून कमावलेला होता.

"आरं उद्या, आज्जा पडला आणि उठून घरला आला. तुझी आज पाठ लागली रं."

ध्वनिवर्धकावरच्या पोराला त्यातला 'पडला' हा शब्द ऐकू गेला आणि त्याने आपले काम केले. ढोल वाजले. प्रचंड टाळ्या झाल्या.

त्या सोहळ्याचा निकाल असा लागला. म्हातारीच्या साक्षीतली कुस्ती वयोमानामुळे बाद झाली आणि मौला नदाफ हे नाव प्रत्यक्ष नातीने सांगितले म्हणून ग्राह्य धरण्यात आले. फलकावर 'गनिमाने'च राहिले, पण फलक वाचतो कोण? लोकांच्या फोनवर नाव फिरत होते, त्याखाली दुकानाच्या पाटीचे छायाचित्र होते. चित्रपटाने एक माणूस कल्पिला होता. पेठेने त्याला घराणे दिले, मरणाची जागा दिली आणि मारेकरी मिळवून दिला. आता त्या माणसाच्या खरेपणाविषयी शंका घेणाऱ्याला लोक पायथ्याच्या फलकाकडे बोट दाखवतात. फलक कशाच्या आधारावर, असे विचारले तर चित्रपट पाहायला सांगतात.

दस्तगीरचे दुकान कोणी फोडले नाही. आपल्याकडे एवढ्यावरून सामाजिक सलोखा अबाधित आहे असे म्हणण्याची रीत आहे. फक्त लग्नसराईतही गाद्यांची कामे येईनाशी झाली. एका सकाळी पाटीवर रंगाचा पहिला हात बसला आणि 'नदाफ गादी कारखाना'च्या जागी 'न्यू कोल्हापूर गादी कारखाना' आले. दस्तगीर उदयसिंहांना काही बोलला नाही. रस्त्यात भेटला तर पूर्वी 'उदयदा' म्हणे, आता 'साहेब' म्हणतो. बायडाबाई सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी बिद्रीला लेकीकडे गेली. जाताना संयोगिताशी बोलली, भाच्याशी बोलली नाही.

दिवाळीच्या आधी संयोगिताने घरातली कापसाची मोठी गादी उन्हात टाकली. तिच्यात गोळे झाले होते. दोघांनाही रात्री ते टोचत.

"पिंजून घ्यायला पाहिजे," ती म्हणाली.

"बघतो."

"बघायचं काय त्यात? चार दारं सोडून तर आहे."

उदयसिंहांनी गादीची गुंडाळी केली, दोरीने आवळली आणि स्कूटरवर पाय ठेवतात तिथे उभी केली. मग दुकानाच्या बाजूला न वळता त्यांनी स्कूटर उलट दिशेला काढली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक गादीवाला असल्याचे त्यांनी कचेरीत विचारून ठेवले होते. गुंडाळी हनुवटीपर्यंत येत होती. एका हाताने ती आणि दुसऱ्या हाताने स्कूटर सांभाळत ते चौकातून चालले होते. तालमीच्या पायरीवर बसलेल्या पोरांनी त्यांना ओळखले आणि उठून मुजरा केला.

"मुजरा, सरदार!"

उलट मुजरा करायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. मान लववावी म्हटले तर मध्ये गादी होती. पोरे त्यांच्याकडे आदराने पाहत राहिली, आणि सरदार गादीच्या वरून जेवढा रस्ता दिसत होता तेवढा पाहत, लांबच्या वाटेने निघून गेले.